बारा आठवडे आणि तीन दिवस : आयर्लंडमधला कायदा आणि आपले घर

आपल्या मंडळाच्या एका कार्यक्रमात (कोणत्या ते सांगत नाही, मंडळ छोटे आहे) नव्याने आलेल्या एका मुलीने भांडी विसळता विसळता माझ्या बायकोला हळूच विचारले, "वहिनी, इथे गर्भपात बेकायदाच आहे ना? मग मला भारतात जावे लागेल का?" निघताना तिच्या मावशीने सांगितले होते म्हणे, की आयर्लंड फार कर्मठ देश आहे. मावशीचे चुकले नव्हते, तिची माहिती तेवढी जुनी होती.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण नियम वाचून "असे झाले तर तसे" अशी साखळी लावणे हे माझे रोजचे काम, म्हणून संपादकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय इथल्या लोकांचे या विषयावर आवाज का चढतात ते कळत नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९३५ मध्ये, आयर्लंडने संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर आणि आयातीवर कायद्याने बंदी घातली! १९७१ च्या मे महिन्यात डब्लिनच्या काही स्त्रिया आगगाडीने बेलफास्टला गेल्या, तिथून निरोध वगैरे विकत घेऊन आल्या आणि स्टेशनवर कस्टमवाल्यांपुढे ते उघड मिरवले. गोळ्यांना तिथेही चिठ्ठी लागत होती, म्हणून त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या आणल्या आणि त्याच त्या गोळ्या असल्याचे भासवले. मला हा किस्सा फार आवडतो. पुढे मेरी मॅगी या चार मुलांच्या आईने, जिला आणखी एक बाळंतपण जिवावर बेतले असते, टपालाने मागवलेले औषध कस्टमने जप्त केले म्हणून सरकारला कोर्टात खेचले आणि १९७३ मध्ये ती जिंकली. त्यानंतर १९७९ चा कायदा आला. त्यात निरोधलासुद्धा डॉक्टरची चिठ्ठी!

गर्भपाताची गोष्ट याहून कडक. १९८३ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि पोटातल्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क मिळाला. कागदावर हे समतोल वाटते. प्रत्यक्षात काय झाले ते २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या जगाने पाहिले. बेळगावची सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दंतवैद्य, नवरा गॉलवेत इंजिनियर. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते, पण बाळाचे ठोके चालू होते. तिने गर्भपात मागितला, तो नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली.

माझ्या बायकोचे माहेर बेळगावचे. त्यामुळे ही बातमी आमच्या सासरच्या मंडळींनी जी मनात धरून ठेवली, ती २०१७ मध्ये वर आली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, पंधराव्या आठवड्यात, बायकोला रात्री रक्तस्राव सुरू झाला. आम्ही हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरीणबाई शांत होत्या, म्हणाल्या, ठोके आहेत, वाट पाहू. मी विचारले, "जंतुसंसर्ग झाला तर?" त्या क्षणभर थांबल्या, मग जपून म्हणाल्या, "आईच्या जिवाला धोका आहे असे ठरले, तर आम्ही थांबणार नाही." तेव्हा २०१३ चा कायदा लागू होता आणि त्यात धोका जिवाला असावा लागे, तब्येतीला असून भागत नसे. "असे ठरले तर" या तीन शब्दांवर मी रात्रभर बाकड्यावर बसून होतो. कोण ठरवणार? किती तापाला? फोनवर सासूबाई एकच म्हणत होत्या, "तिला इकडे घेऊन या." सुदैवाने रक्तस्राव थांबला. आमची मुलगी आता शाळेत जाते.

२५ मे २०१८ ला पुन्हा सार्वमत झाले आणि ६६.४ टक्के मतांनी आठवी दुरुस्ती रद्द झाली. मला मत नव्हते, कारण सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना मत असते. १ जानेवारी २०१९ पासून नव्या कायद्याप्रमाणे सेवा सुरू झाली. तो असा :

बारा आठवड्यांपर्यंत कारण सांगावे लागत नाही. त्यानंतर मात्र आईच्या जिवाला धोका किंवा तब्येतीला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, किंवा बाळ पोटात अथवा जन्मल्यावर २८ दिवसांत दगावेल असे व्यंग असेल, तरच. आणि तातडीची वेळ नसेल तर दोन डॉक्टरांचे मत लागते. या व्याख्येत न बसणाऱ्या व्यंगासाठी लोक अजूनही इंग्लंडला जातात. इथे राहणाऱ्यांना सेवा मोफत आहे. प्रत्येक जीपी ती देत नाही. कोणाची सदसद्विवेकबुद्धी आड येत असेल, तर तो नकार देऊ शकतो. पण दुसऱ्याकडे सोपवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे.

आता मुख्य घोळ. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. समजा पाळी १ मार्चला आली. पुढची चुकली हे २९ मार्चच्या सुमारास लक्षात येते, तेव्हाच हिशेबाने चार आठवडे संपलेले असतात! बारा आठवडे भरतात २४ मे रोजी. शिवाय पहिल्या भेटीत डॉक्टरने दाखला दिल्यावर निदान तीन दिवस जावे लागतात, मगच पुढे. साधारण नऊ आठवड्यांपर्यंत जीपीकडून गोळ्या मिळतात, त्यापुढे हॉस्पिटल. पाळी अनियमित असेल तर तारखेसाठी सोनोग्राफी, म्हणजे आणखी एक अपॉइंटमेंट. अकराव्या आठवड्यात जागे झालेल्या जोडप्याला यात एखादा शनिवार-रविवारही महागात पडतो.

या तीन दिवसांवरच सध्याचा वाद आहे. विचाराला वेळ मिळतो, काहीजणी मन बदलतात, असे एका बाजूचे म्हणणे. २०२३ मध्ये मरी ओशे या बॅरिस्टरबाईंनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात ही सक्ती काढावी अशी शिफारस आली. दाराशी येईपर्यंत बाईने बहुधा आधीच पुष्कळ विचार केलेला असतो, असे माझे आपले मत. ऑक्टोबर २०२४ पासून दवाखान्यांभोवती १०० मीटरच्या आत यासंबंधी निदर्शने करून कोणाला अडवायला मात्र मनाई झाली आहे.

नवरेमंडळींनी पुढचे नीट वाचावे. "भारतातून गोळ्या मागवू, तिकडे मिळतात" असे मी दोघातिघांच्या तोंडून ऐकले आहे. प्रिस्क्रिप्शनची औषधे टपालाने मागवायला इथे परवानगी नाही. शिवाय या कायद्याबाहेर गर्भपात झाला तर त्या बाईला शिक्षा नाही, पण तिला मदत करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गोळ्या आणून देणारा नवरा त्यात आलाच. भारतात जाऊन करण्यात गुन्हा नाही. तिथे १९७१ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये काही प्रसंगी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढलीही. पण तिथे कारण लागते, इथे बारा आठवड्यांपर्यंत लागत नाही. तिकिटाचे पैसे बहुधा वाचतील.

शेवटी पैशांचे, कारण हे पान त्याचेही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने १७ ते २५ वयाच्या मुलींना संततिनियमन मोफत केले. वय टप्प्याटप्प्याने वाढत जुलै २०२४ पासून ३५ पर्यंत आले. त्यात गोळी, इंजेक्शन, दंडात बसवायची काडी, तांबी, हार्मोनची कॉइल आणि तातडीची गोळी येते, आणि डॉक्टरच्या त्यासाठीच्या भेटींची फीसुद्धा. मेडिकल कार्ड लागत नाही, इथे राहत असणे पुरे. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, पगार नसलेल्या मुलींना हे बहुधा कोणी सांगतच नाही. नसबंदी यात येत नाही. वयोमर्यादा पुढे सरकली का, ते फार्मसीत विचारावे.

आमच्या जीपीची एका भेटीची फी ६५ युरो. गोळीची चिठ्ठी वेळोवेळी नवी करावी लागते. तांबी एकदा बसवली की प्रकाराप्रमाणे पाच ते दहा वर्षे चालते. हा हिशेब मी बायकोपुढे मांडला तेव्हा ती म्हणाली, की तिने तो कधीच केला आहे. मार्चमध्ये तिला ३६ पूर्ण होतात. फेब्रुवारीतली वेळ तिने घेऊन ठेवली आहे.