पृथ्वी फिरते, पण विमानाखालून सरकत नाही

द्वारका, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी घरांतून कोणी अमेरिकेला निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचणारच. ठिकाणच त्याच्याकडे सरकत येतं.' चांगले शिकलेले लोक हे मुलांना ठासून सांगतात, म्हणून जास्त चीड येते. हे साफ चूक आहे.

दिल्लीच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी साडेचौदाशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. प्रवासी विमान ताशी 900च्या आसपास उडतं. हा समज खरा असता, तर पूर्वेला निघालेलं विमान उलट मागेच पडत गेलं असतं! जानेवारीच्या धुक्यात दिल्लीला उतरायची परवानगी मिळेपर्यंत विमानं अर्धा-अर्धा तास घिरट्या घालतात. तेवढ्यात खाली सिंध यायला हवा. दिसते ती दिल्लीच. कारण हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभ्या विमानातही तोच वेग आधीपासून असतो.

मग जायला आणि यायला वेगळा वेळ का लागतो? वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. हिवाळ्यात असा एक प्रवाह थेट उत्तर भारतावरून जातो. या प्रवाहांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे खरं. पण त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्याला उशीरच होतो.

पुरावा दिल्लीचाच घ्या. ऑक्टोबर 2016मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. कंपनीने तेव्हा दिलेले आकडे असे : अंतर 13,900वरून 15,300 किलोमीटर झालं, तरी वेळ जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. वारा पाठीशी होता, एवढंच कारण.

'नकाशावर सरळ रेघ ओढली की तोच जवळचा रस्ता', हाही एक भ्रम. पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वात कमी अंतर सुमारे 12,400 किलोमीटर आहे आणि ती वाट सायबेरिया ओलांडून आर्क्टिकवरून जाते. भारतीय कंपनीचं प्रवासी विमान ध्रुवीय मार्गाने पहिल्यांदा गेलं ते याच दोन शहरांदरम्यान, 15 ऑगस्ट 2019 रोजी.

पश्चिमेचं विमान लवकर पोचल्यासारखं वाटतं ते घड्याळामुळे. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे, कारण त्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार.

आणि जवळचा रस्ता मोकळा असेलच असंही नाही. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. पृथ्वी तेव्हाही तशीच फिरत होती.