उन्हाळ्यातील कोंडी आणि हायब्रीड मोटारीची बॅटरी

पुणे-बेंगळुरू महामार्गावरील कोगनोळीचा टोलनाका असो वा बेळगावातील गणपत गल्ली-खडेबाजारचा गजबजलेला परिसर, एप्रिल-मेच्या उन्हात वाहतूक तुंबली की हायब्रीड मोटारीच्या मालकाला एक शंका हमखास सतावते. गाडी जागची हलत नाही, तरी पडद्यावरील बॅटरीची पातळी उतरत जाते आणि थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होते. हा बिघाड नसून या यंत्रणेचे नेहमीचे कार्य आहे.

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारे वाहन. बेंगळुरूजवळच्या बिडदी येथे २०२२ पासून तयार होणाऱ्या टोयोटा हायरायडरच्या हायब्रीड आवृत्तीतील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात जेमतेम पाऊण युनिट आहे. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून नियंत्रक संगणक ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात वापरता येणारी वीज त्याहूनही कमी असते. अशा गाडीत वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर न चालता याच बॅटरीच्या विजेवर चालतो. वापरण्याजोगी वीज ०.३ युनिट धरली आणि एसीने दीड किलोवॉट वीज घेतली, तर हा साठा सुमारे बारा मिनिटांत संपतो. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की इंजिन सुरू होऊन जनित्र फिरवते आणि पुरेशी वीज साठताच पुन्हा बंद पडते. साध्या मोटारीत एसी चालू ठेवायचा तर इंजिन अखंड धडधडत राहते; येथे ते अधूनमधूनच चालते आणि इंधनाची बचत होते ती यामुळेच.

उष्णतेचा मुद्दा याहून गंभीर आहे. बॅटरी तापली की संगणक तिच्यातून जाणारा-येणारा विद्युतप्रवाह मर्यादित करतो आणि इंजिनावरचा भार वाढतो. अनेक मॉडेलांत बॅटरी थंड ठेवणारा पंखा प्रवाशांच्या कक्षातीलच हवा ओढून घेतो. म्हणून पेट्रोल वाचवण्यासाठी काचा लावून एसी बंद करणे, किंवा मागील आसनाजवळील हवेच्या जाळीपुढे पिशव्या रचणे, बॅटरीला अपायकारक ठरते. त्या जाळीची धूळही वेळोवेळी साफ करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी गिअरची आहे. टोयोटाच्या यंत्रणेत लिव्हर न्यूट्रलवर असताना इंजिन चालू असले तरी बॅटरी भरत नाही. त्याच कारणाने तवंदी घाट निपाणीकडे उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडली, तर ब्रेकच्या वेळी मोटरद्वारे परत मिळणारी वीज वाया जातेच, शिवाय सुरक्षितताही धोक्यात येते. म्हणून कोंडीत ब्रेक दाबून ‘डी’वर, किंवा दीर्घकाळ थांबावे लागल्यास ‘पी’वर गाडी ठेवावी, एसी माफक तापमानावर चालू ठेवावा आणि चार्जिंगचा निर्णय निश्चिंतपणे यंत्रणेवर सोपवावा.