साप उचलण्याची ती वचनं कुणाची?

बायबल हा ईश्वराचा शब्द आहे का, या प्रश्नावर एक निवृत्त फौजी काय बोलणार, असं काहींना वाटेल. मी धर्मपंडित नाही. पण माझं अर्धं आयुष्य लेखी हुकमांवर गेलं. हुकूम हाती आला की आम्ही दोन गोष्टी पाहतो. दिला कुणी, आणि दिला तसाच पोचला का?

आज फक्त बारा वचनं घेऊ. मार्ककृत शुभवर्तमानाचा सोळावा, म्हणजे शेवटचा अध्याय. येशूची कबर रिकामी आढळते, बायका घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. हे झालं आठवं वचन. पुढे ९ ते २० मध्ये येशू शिष्यांना दर्शन देतो आणि सांगतो की विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही.

अडचण अशी, की मार्कचा शेवट शाबूत असलेल्या सर्वांत जुन्या दोन ग्रीक प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दुसरी सिनाईच्या मठातली. तिचा मोठा भाग १९३३ साली ब्रिटिशांनी सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना घेतला. दोन्हींत मार्क आठव्या वचनालाच थांबतो. काही प्रतींत तर आणखी वेगळा, छोटा शेवट आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इसवी सन १८०च्या सुमारास आयरेनियसने यातलं एक वचन मार्कचं म्हणून दिलं आहे. म्हणजे ही वचनं त्या दोन प्रतींहून जुनी. पण जुनी असणं वेगळं आणि मार्कची असणं वेगळं. बहुतेक अभ्यासक, त्यांत श्रद्धावान ख्रिस्तीही आले, ती मागाहून जोडलेली मानतात.

हा नुसता पंडितांचा वाद असता तर मी त्यात पडलो नसतो. अमेरिकेत जॉर्ज हेन्सली नावाच्या धर्मोपदेशकाने ही वचनं शब्दशः घेतली आणि प्रार्थनेत विषारी साप हाताळायची प्रथा पसरवली. १९५५ साली तो सर्पदंशानेच गेला. २०१४ साली केंटकीत जेमी कूट्स हा पास्टर तसाच गेला. त्याने उपचार नाकारले होते.

यावर उत्तर काय? १९७८ साली शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी जाहीर केलं, की ईश्वरी प्रेरणा खऱ्या अर्थाने मूळ हस्तलिखितापुरती. प्रती मुळाशी जितक्या जुळतील तितक्याच प्रमाण. प्रामाणिक उत्तर आहे. पण मूळ हस्तलिखित एकही उरलेलं नाही. सही आहे, मात्र सहीचा कागद हरवला, असं आमच्या कचेरीत कुणी म्हटलं असतं तर त्याची काय गत झाली असती! देवाने शब्द दिले, तर ते जपले का नाहीत, असं बार्ट एहरमन हा अमेरिकन अभ्यासक विचारतो. मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कॅथलिकांची वाट निराळी. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने ही पुस्तकं सर्व भागांसह मान्य केली. लिहिणारा कुणी का असेना, चर्चने स्वीकारलं ते शास्त्र. मग प्रश्न कागदाचा न राहता चर्चच्या अधिकाराचा होतो.

आपण हसायचं कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखितं पाहून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा गणपती लेखनिक झाल्याची कथाही परिशिष्टात गेली.

ईशान्येत असताना माझ्या हाताखाली एक ख्रिस्ती सुभेदार होता. दर रविवारी पोरांना बायबल वाचून दाखवायचा. एका रात्री त्याच्या जवानाला मण्यार चावली. सुभेदाराने त्याला पाठीवर घेतलं आणि प्रार्थना पुटपुटत एमआय रूमपर्यंत धावत नेलं. पोरगा वाचला. पुढे कधीतरी मी त्याला या बारा वचनांची हकिकत सांगितली. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "साब, साँपवाली बात गई तो गई. खाली कब्र तो रहेगी ना?"

ती आठव्या वचनाच्या आत आहे, सगळ्या जुन्या प्रतींत आहे, एवढंच मी सांगू शकलो. ती खरंच घडली का, हे त्याने विचारलं नाही.