कटऑफच्या आत

रिकामा कंटेनर धक्क्याला लागला की आधी एक जण आत शिरतो आणि बाकीचे बाहेरून दारं लावून घेतात. चाळीस फुटी पत्र्याच्या खोलीत मिट्ट काळोख होतो. छताला, कोपऱ्यातल्या वेल्डिंगला कुठे सुईच्या टोकाएवढंही भोक असेल तर उजेड आत घुसतो आणि चोरी उघड होते. आतला माणूस मान वर करून एक फेरी मारतो, दारावर थाप देतो, बाहेर येऊन "चालेल" म्हणतो, तेव्हा फोर्कलिफ्टवाला चावी फिरवतो. मी उभा होतो त्या दिवशी पहिला कंटेनर नापास झाला, परत गेला. महिनाभर समुद्रावरून जायचं, खारी हवा आत शिरली तर मशीनिंग केलेल्या पृष्ठभागावर डाग पडतात, आणि डागाळलेल्या चार नगांपायी जर्मनीतलं गिऱ्हाईक अख्खा लॉट बाजूला काढतं.

खालुंब्र्याच्या पुढे चाकण एमआयडीसीत हा कारखाना आहे. गिअरबॉक्सची हाउसिंग बनवतो. नाव छापायचं नाही या अटीवर मला आत घेतलं. देशादेशांत संगणकावरून चाललेलं जे युद्ध म्हणतात ते चाकणपर्यंत पोचतं का, आणि पोचलं तर कुठल्या दाराने, हे मला पाहायचं होतं. आयटीच्या साहेबांनी थंडगार खोलीतले लुकलुकणारे दिवे दाखवले, फायरवॉलची महती सांगितली. डिस्पॅचचे प्रमुख सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "युद्ध बघायचंय ना सर? मग स्टफिंग बघा."

तर स्टफिंग. लाकडी पॅलेटवर कीड मारण्यासाठी तापवल्याचा शिक्का हवा, तो नसेल तर परदेशातल्या बंदरात माल अडतो. हाउसिंग गंजरोधक पिशवीत, पिशव्या खोक्यात, खोकी पॅलेटवर पट्ट्यांनी आवळलेली. फोर्कलिफ्टवाले मामा एकेक पॅलेट भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून आत लावतात, खाली उतरून बघत नाहीत. मधल्या फटीत हवेच्या पिशव्या फुगवायच्या, कडांना ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, शेवटच्या रांगेला बेल्ट. दार लागलं की सील. बोल्ट घुसतो, खट्ट आवाज येतो, आणि आता तो कटरशिवाय निघणार नाही. एक मुलगा दाराचा, सीलचा आणि नंबराचा फोटो काढून लगेच ऑफिसात पाठवतो.

त्या नंबरापासून खरं काम सुरू होतं. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात, आणि शेवटचा आकडा चौकटीत. तो मनाने घातलेला नसतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, पहिल्या जागेला एक, दुसरीला दोन, तिसरीला चार असं दुप्पट होत जाणारं वजन, सगळ्याची बेरीज करून 11 ने भागायचं, बाकी उरेल ती चौकटीत. टाइप करताना एक आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही. माझ्यासमोर ऑफिसातल्या मुलीने 3 च्या जागी 8 दाबला आणि एक्सेलचा रकाना लाल झाला. तिने न बोलता दुरुस्त केला.

हाच नंबर मग वजनकाट्याच्या पावतीवर जातो. भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन कळवणं 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे. शिपिंग बिलात तोच, सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा दलाल, कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर चढवतो त्यात तोच, बंदराच्या गेटवर दाखवायच्या फॉर्म 13 मध्येही तोच. न्हावा शेवाला ट्रेलर पोचायच्या आधी नंबर पोचलेला असतो. टर्मिनलचा संगणक तो वाचतो आणि यार्डातल्या कुठल्या ओळीत, कितव्या थरावर ठेवायचं ते क्रेनवाल्याला सांगतो. हजारो डबे एकमेकांवर रचलेले असतात, आणि कुठला कुठे आहे हे एकट्या त्या संगणकाला ठाऊक असतं. लोखंड आपलं असतं, पण ते कुणाचं, कुठल्या जहाजावर चढायचं, कस्टमने सोडलंय की नाही, हे सगळं नंबरामागे लिहिलेलं. नंबर वाचणारं यंत्र बंद पडलं की डब्यात काय आहे याला अर्थ उरत नाही.

आणि या सगळ्याला कटऑफ असतो. जहाज सुटण्याआधी ठरलेल्या वेळी गेट बंद. चाकणची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, पण जहाजाला गुरुवार कळत नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावरचा चक्का जाम, पुढे बोरघाट, मग पनवेलपासून ट्रेलरांची रांग. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास कधी पाच तासांत होतो, कधी अख्खी रात्र खातो. डिस्पॅचवाल्यांची सगळी हयात या कटऑफच्या आत राहण्यात जाते.

27 जून 2017, मंगळवार. "आमची गाडी रस्त्यात होती," प्रमुख सांगत होते. "सीएचएचा फोन आला, जीटीआय बंद आहे. मी म्हटलं, संप? तो म्हणाला, नाही, कॉम्प्युटर बंद आहेत. सगळे."

जीटीआय म्हणजे गेटवे टर्मिनल्स इंडिया, न्हावा शेवातलं, डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं आणि आपल्या सरकारी कॉन्कॉरचं संयुक्त टर्मिनल. वीस फुटी मापाने तेव्हा वर्षाला 18 लाख कंटेनरांची क्षमता. त्या दिवशी तिथल्या पडद्यांवर 300 डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागणारा मजकूर आला. पैसे भरून काही मिळणार नव्हतं. खंडणी हा नुसता मुखवटा होता, मागे होतं ते माहिती कायमची पुसून टाकणारं हत्यार. त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडलं.

हत्यार सोडलं होतं युक्रेनवर. आपल्याकडे टॅली तसं तिथे एम.ई.डॉक नावाचं हिशेब आणि करभरणीचं सॉफ्टवेअर चालतं. क्यीवमधल्या एका छोट्या कंपनीचं. तिच्या सर्व्हरमध्ये शिरून हल्लेखोरांनी अपडेटमधून विष पाठवलं. युक्रेनच्या संविधानदिनाचा तो आदला दिवस. पसरण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेचं चोरीला गेलेलं इटर्नलब्लू हे अस्त्र वापरलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण एका यंत्राला तो लावायचा राहिला तरी पुरे, कारण एकदा आत आल्यावर हे विष यंत्राच्या स्मृतीतले पासवर्ड उचलून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसत होतं. मर्स्कचं ओडेसात ऑफिस होतं, तिथे एम.ई.डॉक होतं. तिथून कोपनहेगन, रॉटरडॅम, न्यू जर्सी आणि आपलं न्हावा शेवा. मर्स्कच्या 76 टर्मिनलांपैकी 17 त्या तडाख्यात सापडली. कुणी नकाशावर न्हावा शेवावर बोट ठेवलं नव्हतं, चाकण तर हल्लेखोरांच्या गावीही नसणार. मला यातलं सगळ्यात चमत्कारिक वाटतं ते हे की रशियाचं हत्यार, त्यात अमेरिकेचा दारूगोळा, लक्ष्य युक्रेन, कंपनी डेन्मार्कची, आणि अडकलेला ट्रेलर उरणच्या रस्त्यावर.

जहाजं बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवली, गेटवर कागद-पेन्सिल आली. पण कागदावर किती डबे लिहिणार? शिवाय आठवडा कुठला, तर जीएसटीचा. 30 जूनच्या मध्यरात्री अख्खी करव्यवस्था बदलायची होती. एक्साइजच्या एआरई-1 फॉर्मवर निघालेला माल बंदराबाहेर उभा, आणि तो फॉर्मच चार दिवसांत इतिहासजमा होणार. "मी गुरुवारी सुट्टीच्या दिवशी इथे एकटा बसलो होतो. सीएचएला विचारायचो, गाडी परत बोलावू? तो म्हणायचा, परत आणलीत तर कुठल्या कागदावर पुन्हा पाठवाल?" ट्रेलरवाल्याचं थांबण्याचं भाडं दिवसाला वाढत होतं. ड्रायव्हर रोज फोन करून जेवणाचे पैसे मागत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

तिकडे मर्स्कची माणसं इंग्लंडमधल्या मेडनहेडला जमून अख्खं जाळं नव्याने उभारत होती. सगळ्या यंत्रांची ओळखपाळख ठेवणारे जे मुख्य सर्व्हर असतात ते जगभर एकाच वेळी पुसले गेले होते, आणि ते एकमेकांचीच प्रत ठेवत असल्यामुळे वेगळी प्रत कुठेच उरली नव्हती. वाचला एकच, घानातला. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! एमएसईबीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्या कारखानदारांना हे सांगायला हवं. घानातल्या कुणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एक जण नायजेरियापर्यंत हार्ड डिस्क घेऊन गेला आणि तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. पुढच्या जानेवारीत दाव्होसला मर्स्कच्या अध्यक्षांनी आकडे दिले: 4,000 सर्व्हर, 45,000 संगणक, 2,500 प्रणाली, दहा दिवसांत पुन्हा उभ्या. कंपनीचं नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर.

चाकणच्या कारखान्याचं नुकसान कुठल्याच अहवालात नाही. बोट चुकली की गिऱ्हाइकाची लाइन थांबू नये म्हणून पुढचा लॉट विमानाने पाठवावा लागतो. "एअर करा" हे दोन शब्द डिस्पॅचमध्ये शिवीसारखे उच्चारले जातात. भाडं समुद्राच्या कितीतरी पट, आणि नफा त्यातच जातो. विम्याकडे जावं तर माल सुखरूप आहे, फक्त उशीर झालाय, आणि सागरी विम्याच्या नेहमीच्या कलमांत उशिराचं नुकसान धरतच नाहीत. प्रमुखांनी कपाटातून पॉलिसी काढून दाखवली. मागच्या पानावर बारीक टायपात आणखी एक कलम होतं, 2003 सालचं, नुकसान करण्याच्या हेतूने संगणक वापरून केलेली हानी वगळणारं. म्हणजे दोन्ही दारं बंद.

मोठ्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या मर्क या औषध कंपनीने याच हल्ल्यात बुडालेले 140 कोटी डॉलर विमा कंपन्यांकडे मागितले. विमावाले म्हणाले, हे रशियाने केलेलं युद्ध आहे, युद्ध आम्ही भरत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने 2022 मध्ये आणि अपिलात 2023 मध्ये मर्कची बाजू घेतली. दरम्यान लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने 31 मार्च 2023 पासून नियमच केला, की सायबर पॉलिसीत सरकारपुरस्कृत हल्ले वगळणारं कलम हवं. सरकारपुरस्कृत कोण हे ठरवायला मात्र वर्षं लागतात. नॉटपेट्याबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर अमेरिकेने आरोप ठेवले ते ऑक्टोबर 2020 मध्ये. त्यांच्यावर खटला चालणं अवघडच.

आपल्याकडे तर एवढंही ठरत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली. पुढच्या फेब्रुवारीअखेर रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला: चीनशी जोडलेल्या रेडएको गटाने भारतातल्या वीजयंत्रणेत आणि दोन बंदरांत शिरकाव केलाय, त्यांतलं एक मुंबई बंदर. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले घातपाताची शक्यता आहे, केंद्राचे तेव्हाचे वीजमंत्री आर. के. सिंह म्हणाले मानवी चूक. विषय संपला. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्र सायबरने 15 लाख हल्ले मोजले, त्यांतले 150 यशस्वी. अशा आकड्यांवर माझा फारसा विश्वास बसत नाही. दाराची कडी हलवून बघणं आणि घर फोडणं एकाच वहीत लिहिलं की संख्या फुगते. ज्याने चाकणचा ट्रेलर अडवला त्या हल्ल्याची त्या वहीत एकच रेघ भरली असती.

कारखान्यात आत मला आणखी एक गोष्ट दिसली. मोजमापाच्या खोलीतलं एक जुनं यंत्र अजून विंडोज एक्सपीवर चालतं. बनवणारी कंपनी नवं सॉफ्टवेअर देत नाही, नवं यंत्र परवडत नाही. त्याची नेटवर्कची वायर काढून टेपने चिकटवून ठेवलीय. माहिती पेनड्राइव्हने न्यायची, आणि तो पेनड्राइव्ह सुपरवायझरच्या कुलूपबंद खणात. 2010 मध्ये इराणच्या अणुप्रकल्पातले सीमेन्सचे कंट्रोलर बिघडवणारा स्टक्सनेट असाच पेनड्राइव्हवरून फिरला होता आणि बाधित यंत्रांच्या यादीत इराण, इंडोनेशियानंतर भारताचा नंबर होता. सुपरवायझरला स्टक्सनेट माहीत नाही. खणाची किल्ली मात्र तो कुणाला देत नाही.

जर्मन गिऱ्हाइकांना आता पुरवठादाराकडे माहितीच्या सुरक्षेचं, टायसॅक्सचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा ऑडिटर येतो, गेटवरचं रजिस्टर बघतो, पाहुण्यांच्या मोबाइल कॅमेऱ्यावर स्टिकर लावलंय का बघतो, टेप लावलेल्या वायरचा फोटो मागतो. डिस्पॅचच्या प्रमुखांना त्याने विचारलं होतं, तुमची यंत्रणा बंद पडली तर काय कराल? त्यांनी छापील उत्तर दिलं. मग उलटं विचारलं, बंदराची बंद पडली तर? ऑडिटर म्हणाला, ते माझ्या यादीत नाही.

त्यावर कारखान्याने आपल्यापुरता तोडगा काढलाय. जर्मनीत भाड्याच्या गोदामात दोन आठवड्यांचा माल कायम पडून असतो. बोट चुकली तर तिथून गिऱ्हाइकाला पुरवायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये न्हावा शेवातल्या दुसऱ्या एका टर्मिनलवर रॅन्समवेअर आलं तेव्हा या साठ्याच्या भरवशावर त्यांनी एकही लॉट एअर केला नाही. गोदामाचं भाडं आणि त्या मालात अडकलेल्या पैशांवरचं व्याज कारखानाच भरतो. नगाच्या भावात ते धरा म्हणून दोनदा लिहिलं, खरेदी विभागाने नकार दिला. येत्या वर्षाच्या दरांची बोलणी सुरू होतील तेव्हा पुन्हा मांडणार आहेत.