जहाज हीच शाळा : भारतीय नौदलाचे प्रशिक्षण

भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे प्रशिक्षण वेगवेगळे असते, कारण तिघांची लढण्याची जागा वेगळी आहे. जमीन राखणे आणि जिंकलेली जमीन हातची जाऊ न देणे हे भूदलाचे काम. ते पायदळाच्या माणसांवाचून होत नाही, म्हणून भूदलाची बांधणी पलटणीभोवती झाली. बेळगावच्या केंद्रात घडलेला मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान सियाचीनला जावो की राजस्थानात, पलटण त्याच्यासोबत असते. हवाई दलात शत्रूच्या समोर जातात ते मोजके वैमानिक. विमान सज्ज करणारे, रडार सांभाळणारे आणि दुरुस्ती करणारे बहुतेक जण तळावरच राहतात. नौदलात असा पुढचा-मागचा भेद उरत नाही. नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर सुमारे १६०० माणसे राहतात. तिच्यावर क्षेपणास्त्र आदळले, तर कप्तानाला जो धोका तोच आचाऱ्याला, आणि मागे हटायला जागा कोणालाच नाही. नौदलाच्या शिक्षणक्रमातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

अनेक अधिकाऱ्यांची सुरुवात मात्र तिन्ही दलांत एकत्र होते. दुसऱ्या महायुद्धाने दलांच्या समन्वयाची गरज ठळकपणे दाखवून दिली होती. स्वतंत्र भारताने त्यातून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभारली. पुण्याजवळ खडकवासल्याला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी औपचारिक उद्घाटन झाले. बारावीनंतर आलेली मुले इथे तीन वर्षे काढतात. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. भावी नौदल अधिकारी होडी वल्हवायला आणि शीड सांभाळायला शिकतात ते खडकवासल्याच्या तलावात. ज्या सोबत्याबरोबर तीन वर्षे धावपळ केली, तोच पुढे भूदलात ब्रिगेडिअर किंवा हवाई दलात स्क्वाड्रनप्रमुख होतो. ही ओळख संयुक्त मोहिमेत किती उपयोगी पडते, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत मांडता येणार नाही.

त्यानंतर वाटा फुटतात. भूदलाचे छात्र देहरादूनला जातात, हवाई दलाचे हैदराबादजवळ डुंडिगलला आणि नौदलाचे केरळात कण्णूरजवळच्या एळिमलाला. नौदल प्रबोधिनी १९६९ मध्ये कोचीत सुरू झाली, १९८६ मध्ये गोव्यात आयएनएस मांडवी येथे आली आणि २००९ पासून एळिमलाला आहे. बारावीनंतर थेट इथे येऊन चार वर्षांत बी.टेक. करणारे छात्रही असतात.

खरी परीक्षा कोचीच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यावर सुरू होते. छात्र आता ‘सी कॅडेट’ असतो. तीर, सुजाता, शार्दूल अशा जहाजांवर त्याला नौसैनिकांची सगळी कामे करावी लागतात. डेक घासणे, दोर ओढणे, रंग देणे यांतून कोणाची सुटका नाही. ज्याला पुढे हुकूम द्यायचा आहे, त्याला ते काम किती वेळ घेते आणि हात कुठे सोलवटतात हे ठाऊक हवे. शरीराला चोवीस तासांच्या कामाची सवयही इथेच लागते. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, विभागलेला असतो. फक्त दुपारी चार ते रात्री आठ या काळाचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात. त्यामुळे वॉचची संख्या सात, म्हणजे विषम होते आणि मध्यरात्रीची पाळी रोज त्याच माणसांच्या वाट्याला येत नाही.

शिडाच्या जहाजावरचे शिक्षणही नौदलाने टिकवले आहे, आणि ते योग्यच आहे. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली तीन डोलकाठ्यांची तरंगिणी १९९७ मध्ये नौदलात आली आणि २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची धाकटी बहीण सुदर्शिनी २०१२ ची. उपग्रहावरून जागा कळत असली, तरी वारा, लाट आणि प्रवाह एकाच वेळी जहाजाला कसे ढकलतात याची जाण शिडाखाली जितकी चटकन येते, तितकी पडद्यासमोर येत नाही.

समुद्रावरच कॅडेटचा मिडशिपमन होतो, मग सब-लेफ्टनंट. त्यापुढचा टप्पा वॉचकीपिंगच्या प्रमाणपत्राचा. रात्री कप्तान झोपलेला असताना या अधिकाऱ्याच्या हाती जहाज सोपवता येईल, एवढा त्याचा अर्थ. पण त्या विश्वासामागे शेकडो माणसांचे प्राण असतात.

नौसैनिकांचे प्राथमिक शिक्षण ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी आयएनएस चिल्का येथे होते. अग्निवीरांची पहिली तुकडी, महिलांसह, मार्च २०२३ मध्ये तिथूनच बाहेर पडली. मग प्रत्येक जण आपापल्या शाखेच्या शाळेत जातो. तोफा आणि क्षेपणास्त्रे कोचीच्या द्रोणाचार्यमध्ये, वीजयंत्रणा जामनगरच्या वलसुरामध्ये, रसद आणि हिशेब मुंबईत मालाडच्या हमलामध्ये, पाणबुडी विशाखापट्टणमच्या सातवाहनमध्ये. पाणबुडीवर तर शाखेच्या भिंती जवळजवळ विरघळतात. तिथल्या प्रत्येकाला सगळ्या यंत्रणांची माहिती असल्याची परीक्षा द्यावी लागते, तेव्हाच छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागते.

या शाळांमध्ये लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीचे स्थान वेगळे आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये, ब्रिटिश अमलातच, ही संस्था सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून दूर, इथे जहाजांची इंजिने शिकवली जातात. गॅस टर्बाइन, डिझेल, बाष्प ही इथल्या शिक्षणाची एक बाजू. दुसरी बाजू नुकसान आवरण्याची, नौदलाच्या भाषेत डॅमेज कंट्रोलची, आणि ती केवळ इंजिनवाल्यांसाठी नाही. जहाजाच्या कप्प्यासारख्या खोलीत भोकांतून जोराने पाणी शिरू लागते, जमीन डोलते. प्रशिक्षणार्थींनी लाकडी पाचरी ठोकायच्या, गाद्या दाबून धरायच्या, टेकू द्यायचे. पाणी आधी घोट्याशी असते, मग कमरेला लागते. आग विझवण्याचा सरावही असाच, धूर आणि उष्णतेत. आगीवर ओतलेले पाणी जहाजातच साठते आणि जास्त झाले तर जहाज कलंडते, म्हणून विझवता-विझवता उपसावेही लागते. जमिनीवरच्या अग्निशमनात हा पेच नसतो.

एकेका माणसाचे शिक्षण पुरे झाले, तरी जहाज तयार झाले असे नौदल मानत नाही. नवे किंवा मोठ्या दुरुस्तीतून बाहेर आलेले जहाज कोचीच्या फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंगच्या पथकाकडे सोपवले जाते. हे पथक जहाजावर चढते आणि आग, आत शिरलेले पाणी, बंद पडलेले सुकाणू, मोडलेली वीजयंत्रणा, जखमी माणसे असे प्रसंग एकामागून एक उभे करते. कधी मुख्य अधिकारीच मेल्याचे जाहीर करून त्याचे काम कनिष्ठाच्या गळ्यात घालते. संपूर्ण खलाशीवर्ग यातून पार पडला की जहाज ताफ्यात कामगिरीसाठी जाते. बदल्या होतात, निम्मी माणसे नवी येतात, आणि मग त्याच जहाजाचा सराव पुन्हा घ्यावा लागतो.