देऊळ फिरले, आपण फिरलो काय?

नवलाची ठिकाणे पाहावयास आमचे लोक दूरदेशी जातात. परंतु हिंगोली जिल्ह्यात थोड्या कोसांच्या टापूत तीन नवले आहेत, त्यांकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिले, औंढा नागनाथाचे देऊळ. येथे नंदी देवासमोर नसून देवळामागे आहे. आख्यायिका अशी की, शिंपी कुळातील नामदेवांस पुजाऱ्यांनी दारातून हाकलले. ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले.

दुसरे, नामदेवांची जन्मभूमी मानली जाणारी नर्सी. येथल्या या शिंप्याची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. ज्यास घरच्यांनी दाराबाहेर काढले, त्यास परप्रांताने धर्मग्रंथात आसन दिले!

तिसरे, औंढा तालुक्यातच योजिलेली लायगो वेधशाळा. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तीस मान्यता दिली. दूरच्या ताऱ्यांच्या प्रलयातून उठणाऱ्या गुरुत्वलहरी तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा टिपणार आहेत.

यात्रेकरू मागचा नंदी पाहून नवल करितात व घरी परततात. परंतु दगड फिरला हे नवल नव्हे. माणसास मागे उभे राहावे लागले, ही लाज होय. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कंप ऐकण्यास निघालेल्या आम्हांस, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची हाक ऐकू येऊ नये काय? देऊळ एकदा फिरले. मने फिरविणे मात्र आपल्याच हाती आहे.