परक्या मुलखातला इंजिनिअर, आपल्या गावांचा खिदमतगार

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो, 'आता पुढे काय?' आणि उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं. मुलगा हुशार असेल तर इंजिनिअर, जमलं तर दुबई, त्याहून जमलं तर कॅनडा. यात वाईट काही नाही. हलाल रोजीसाठी घर सोडणारी माणसं आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. पण परक्या मुलखात गेलेल्या माणसाने तिथल्या लोकांसाठी काय करावं, हा प्रश्न मात्र आपण मुलांना क्वचितच विचारतो. म्हणून या महिन्यात अशा एका इंजिनिअरची ओळख करून द्यावीशी वाटते, जो उलट्या वाटेने आला. युरोपातून निघाला आणि आपल्या सातारा-सांगलीच्या खेड्यांत पोहोचला.

त्यांचं नाव मॉरिस फ्रीडमन. पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या एका गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा अभ्यासात अतिशय तल्लख होता. विजेच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन तो फ्रान्समध्ये नोकरीला लागला. तिथेच म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची नजर या धडपड्या तरुणावर पडली आणि त्यांनी त्याला हिंदुस्थानात बोलावून घेतलं. बंगळूरच्या सरकारी विजेच्या सामानाच्या कारखान्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवण्यात आली.

मिर्झा साहेबांविषयी इथे दोन शब्द सांगायला हवेत. 1926 ते 1941 इतका दीर्घकाळ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूरजवळची वृंदावन बाग ही त्यांच्याच कारकिर्दीतली. त्यांचे आजोबा अली अस्कर इराणमधल्या शिराजहून घोड्यांच्या व्यापारासाठी बंगळूरला आले आणि तिथलेच झाले. म्हणजे बाहेरून आलेल्या एका माणसाच्या नातवाने दुसऱ्या एका परदेशी माणसासाठी दार उघडलं. ज्यांच्या घराण्याला एकदा आसरा मिळालेला असतो, त्यांना दुसऱ्याला आसरा देण्याची किंमत कळते.

कारखान्यातून खेड्याकडे

फ्रीडमन चांगल्या पगारावर होते. हाताखाली माणसं होती. पण त्यांचं मन नुसत्या यंत्रांत रमलं नाही. गांधीजींच्या विचारांकडे ते ओढले गेले, संन्याशाची वस्त्रं घातली आणि भारतानंद हे नाव घेतलं. त्यांची आध्यात्मिक वाट आपली नव्हे. पण त्या वाटेवर चालताना त्यांनी आपलं इंजिनिअरिंग गंगेत सोडून दिलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उलट ते चरख्याकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहू लागले. सूतकताईची साधनं स्वस्त कशी होतील, खेड्यातल्या माणसाला घरच्या घरी कशी करता येतील, यावर त्यांनी डोकं चालवलं. त्यांची 'धनुष तकली' गांधीजींना पसंत पडली. एका लहानशा धनुष्याने तकली फिरवायची, इतकी ती साधी. मोठ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाने गरिबाच्या झोपडीत चालेल असं यंत्र शोधावं, यातच त्याच्या इल्मचं मोल दिसतं.

औंधचा प्रयोग

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र आपल्या महाराष्ट्रात झालं. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तेव्हा भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं छोटं संस्थान होतं. सारी मिळून 72 गावं, तीही विखुरलेली. विलायतेत शिकून आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांची मैत्री जमली आणि फ्रीडमन औंधला आले. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यावी, हा विचार तिथे आकाराला आला. खुद्द राजेसाहेब त्याला राजी होते. गांधीजींचा सल्ला घेऊन आराखडा तयार झाला. नोव्हेंबर 1938 मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडायची, गावांच्या पंचायतींमधून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि त्यावर संस्थानची विधानसभा. देश अजून गुलाम होता, त्या काळातली ही गोष्ट!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पुढे वॉर्सातली ज्यूंची वस्ती अक्षरशः पुसून टाकण्यात आली. ज्या माणसाचं जन्मगाव असं उद्ध्वस्त होत होतं, तो माणूस इथे माणदेशाच्या दुष्काळी गावांत लोकांनी आपला कारभार आपण कसा करावा, याच्या कामात गुंतला होता.

औंध संस्थानातच, आटपाडीजवळ, 1939 मध्ये 'स्वतंत्रपूर' वसवण्यात आलं. ही कैद्यांची खुली वसाहत. उंच भिंती नाहीत, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसंही तिथे शेती करत आणि बायकामुलांसह राहत. या कामामागेही फ्रीडमन होते. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच भागातले. स्वतंत्रपूरच्या प्रयोगातूनच त्यांना ती सुचली. माणूस कितीही बिघडला तरी त्याच्यावर विश्वास टाकून पाहावा, हा त्या वसाहतीचा पाया होता.

8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान विलीन झालं. पुढे गावपंचायतीचा तोच विचार साऱ्या देशाने स्वीकारला.

निर्वासितांचा सोबती

फ्रीडमन परत गेले नाहीत. पुढे 1959 नंतर तिबेटमधून हजारो माणसं भारतात आली. त्यांच्या मदतीसाठी फ्रीडमन आणि त्यांच्या पोलिश सहकारी वांदा दिनोव्स्का झटले. स्वतः घर हरवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बेघरपणाची कहाणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अखेरची वर्षं त्यांनी मुंबईत काढली. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यांनी इंग्रजीत आणली. 1973 मध्ये 'आय ॲम दॅट' या नावाने ते पुस्तक निघालं आणि जगभर वाचलं गेलं. 1976 मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या वयात, मुंबईतच त्यांनी डोळे मिटले. सुमारे चार दशकं ते या देशात होते.

मला शिक्षक म्हणून यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. या पोलिश माणसाने मराठी अशी आत्मसात केली की मराठीतला खोल विचार तो दुसऱ्या भाषेत नेऊ शकला. आपली मुलं घरात उर्दू बोलतात आणि बाहेर मराठीत वावरतात. काही पालक विचारतात, 'सर, मराठीकडे एवढं लक्ष कशाला?' ज्या मातीत राहायचं तिथल्या लोकांचं सुखदुःख त्यांच्या भाषेत ऐकता आलं नाही, तर त्यांची खिदमत कशी करणार?

आपल्या मावळातला धागा

आमच्या शिरगावजवळच तळेगाव दाभाडे आहे. तिथे 1908 मध्ये लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या 'पैसा फंडा'तून काचेचा कारखाना उभा राहिला. तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातले. जपान आणि अमेरिकेत शिकून ते मावळात आले आणि इथल्या तरुणांना काचेचं काम शिकवू लागले. आज त्याच परिसरातल्या कारखान्यांत मराठवाड्यातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून माणसं येतात. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. पहिले काही महिने ती गप्प असतात. वर्गातली इतर मुलं त्यांना डब्यात बोलावतात की बाजूला बसवतात, यावर त्यांचं सारं वर्ष ठरतं.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्या घरात कोणी इंजिनिअर, टेक्निशियन, वायरमन असेल, निवृत्त झालेला असेल, तर त्याने आठवड्यातले दोन तास मोहल्ल्यातल्या मुलांना द्यावेत. गणित शिकवावं, हातात पकड-पाना देऊन पंखा उघडून दाखवावा. ती मुलं कोणत्या जातीधर्माची, कोणत्या राज्यातली, हे विचारू नये. आणि मुलगा परदेशी निघाला तर पासपोर्ट-व्हिसाबरोबर त्याला एवढंही सांगावं, 'बेटा, जिथे जाशील तिथल्या शेजाऱ्याच्या कामी ये.'